ओठावरचे फोड आणि माझं मौन

तीस वर्षं कीर्तनकारांच्या मागे टाळ धरून उभा राहिलेला माणूस आहे मी! जिभेवर ताबा कसा ठेवावा, यावर इतकी कीर्तनं ऐकली आहेत की आमच्या पोंभुर्ण्याच्या बाजूला ना तंबाखूचा खर्रा, ना शिवी, ना उष्टं असं एकच तोंड सापडेल. दादाजीचं. म्हणजे माझं!

याच तोंडाने गेल्या माघात घोटाळा केला.

बायको जाऊन सहा वर्षं झाली. बहिणीने रुखमाबाईंची सोयरीक काढली. त्याही एकट्याच, दोन कोसांवरच्या गावात अंगणवाडीत मदतनीस. आमच्या गावचा सप्ताह संपला की दुसऱ्या दिवशी पाट लावायचा, म्हणजे आमचं दुसरं लग्न, असं ठरलं. सप्ताह बसायच्या आधीच्या बुधवारी मी सहज (सहजच!) त्यांच्याकडे गेलो, तर बाई जंगलात बिबे वेचायला निघालेल्या. मीही टोपली उचलली. वेचलं, खाल्लं, हसलो. आणि परतताना मोहाच्या झाडाखाली... काय सांगू! एक मुका. फार नाही, बुवांनी अभंगाचा पहिला चरण म्हणून श्वास घ्यावा तेवढाच. पण सहा वर्षांचा उपास सुटल्यासारखं वाटलं!

शुक्रवारी सकाळी आरशात पाहतो तर खालच्या ओठावर फोडांची रांग! भिजलेल्या साबुदाण्यासारखे टपोरे!

तडक मुखरूकडे गेलो. मुखरू आमचा मृदंगवाला. अख्खं ब्रह्मांड त्याच्या मोबाइलमध्ये राहतं.

"मुखरूभाऊ, एका मित्राचं विचाराचं होतं. मुका घेतल्यानं गुप्तरोग होते का?"

"कोणता मित्र?"

"तू नाई ओळखत."

"मित्राचे फोड तं तुह्याच ओठावर दिसून राह्यले ना बे!"

त्याने मोबाइलला विचारलं. आरतीनंतरचा जयजयकार लांबत जावा तशी रोगांची नावं लांबत गेली. गरमी काय, नागीण काय, आणि प्रत्येकाला रंगीत फोटो!

"एड्स बी लिहिलं आहे इथी," मुखरू म्हणाला.

"होते म्हणून लिहिलं का नाई होत म्हणून?"

"तेच पाहून राह्यलो होतो, तं नेटवर्क गेलं."

मी घरी येऊन खाटेवर पडलो. सहा वर्षांत माझ्या जवळ कोणी आलेलं नाही, मग हे आलं कुठून? न्हाव्याच्या वस्तऱ्यातून? का रुखमाबाई... छे! त्या विचाराचीच लाज वाटून मी कान धरले. पण एवढं मात्र पक्कं केलं, खरंच रोग निघाला तर त्या बाईच्या गळ्यात आपण पडायचं नाही. आणि हे पक्कं केल्यावर मला रडूच फुटलं, कारण माझ्या घरात दोन ताटं मांडायची स्वप्नं मी चार महिने पाहत होतो.

शनिवारी सप्ताह बसला. मी तोंडाला गमछा बांधून टाळ वाजवला. गायलो नाही, पंगतीत बसलो नाही. बुवांनी विचारलं, "दादाजी, काय झालं?" मी तोंडावर हात ठेवून हताशपणे वर मंडपाच्या छताकडे पाहिलं.

बुवांचे डोळे भरून आले! माइकवरून म्हणाले, "पाहा मंडळी, याला म्हणतात जिभेवर ताबा! दादाजींनी सात दिवसांचं मौन धरलं आहे!"

टाळ्या! बायाबापड्या पाया पडायला लागल्या. पत्रूभाऊने तर म्हैस दूध देत नाही म्हणून मला गोठ्यात नेऊन तिच्या कपाळावर हात ठेवायला लावला. संध्याकाळी म्हशीने दोन लिटर दिलं! आता कोणत्या तोंडाने खरं सांगू?

सोमवारी भर मंडपात रुखमाबाई उभ्या. पदर तोंडावर घट्ट ओढलेला.

"काऊन जी, साधूच व्हाचं होतं तं माह्या दारी काऊन आले? पाट मोडाचा असन तं तोंडानं सांगा!"

चारशे डोकी माझ्याकडे वळली. मी त्यांना मंडपामागे पातेल्यांच्या ढिगाआड नेलं आणि गमछा सोडला. त्या पाहतच राहिल्या. मग हळूच पदर खाली केला. तसेच फोड! वरच्या ओठावर!

"तुम्हीच लावला मले हा रोग!"

"मी? बाई, सहा वर्षांत चहाचा कपसुद्धा उष्टा नाई पेलो मी!"

"मंग मी का लावला?"

त्यांचे डोळे डबडबले. "आता आपला पाट नाई का जी?"

"दवाखान्यात चला," मी म्हटलं. "जे निघन ते दोघाचं."

ग्रामीण रुग्णालयात नूतन मॅडम भेटल्या. समुपदेशक, नाशिककडच्या, नव्यानेच आलेल्या. हसल्या नाहीत, हेच मोठे उपकार. "चुंबनाने एचआयव्ही होत नाही, दादा," त्या म्हणाल्या. "तोंडाला फोड, जखम असेल तर एखादा दुसरा आजार लागू शकतो, पण त्याला औषध असतं. रक्त तपासू, नाव कुठेही जाणार नाही."

रिपोर्ट येईपर्यंत रुखमाबाईंनी बाकाखालून माझं बोट धरून ठेवलं होतं. रिपोर्ट आले. दोघंही निर्दोष!

"मग हे फोड कसले?" म्हणत मॅडमनी पुस्तक उघडलं.

फरशी पुसणाऱ्या झिंगूबाई डोकावल्या. "पुस्तक ठेवा मॅडम! बिबा उतला त्याहिले. काऊन जी, बी न काढताच फळं खाल्ली का?"

खाल्ली होती! बिब्याचं पिवळं फळ गोड, पण त्याला चिकटलेल्या काळ्या बीचं तेल कातडीला लागलं की फोड येतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. आम्ही मात्र हसण्याच्या नादात ती अख्खीच तोंडाला लावली. आणि मी जंगलाकाठी जन्म काढलेला माणूस, मोबाइलमध्ये रोग शोधत होतो!

"खोबरेल लावा," झिंगूबाई म्हणाल्या. "अन् आठ दिस मुके बंद!"

रुखमाबाई इतक्या हसल्या की एक फोड फुटला. "आई गं!" म्हणाल्या आणि परत हसल्या.

शेवटच्या दिवशी बुवांनी मौन सोडायला माझ्या हाती माइक दिला. कीर्तनाच्या जागी उभं राहून खोटं बोलणं मला जमणारं नव्हतं. सगळं सांगितलं. बिबे, मोहाचं झाड, मुका, दवाखाना!

मंडपातून पत्रूभाऊचा आवाज आला, "अन् माही म्हैस?"

तेवढ्यात बायकांतून रुखमाबाई उठल्या. "फळं मी भरवली. अन् अर्धा मुका बी माहाच होता. उद्या पाट आहे, समद्यांनी या!"

बुवा फेटा सुटेस्तोवर हसले.

पाट ठरल्या दिवशीच लागला. फोटोवाला "हसा, हसा" म्हणून ओरडत होता, पण ओठ ताणले की खपल्या दुखायच्या. त्यामुळे दोघंही दात आवळून, डोळे वटारून बसलो आहोत. फोटो भिंतीवर आहे. घरी नवा पाहुणा आला की तो पाहतो, मला बाजूला घेतो आणि हळूच विचारतो, "जबरदस्तीनं लगन लावून देल्लं का जी?"