आपापल्या दुकानात

माणसाला आपल्या कामापेक्षा दुसऱ्याच्या कामात अधिक गोडी असते, हे सत्य मोठ्या शहरांना अजून उमगायचं आहे. दर्यापूरच्या रस्त्यावरच्या येलखेडीने मात्र ते केव्हाच अमलात आणलं. येलखेडीत कोणीही आपल्या दुकानात बसत नाही. खुशालराव टेलर भगवंताच्या सलूनमध्ये बसतात, भगवंत पंचफुलाबाईंच्या पिठाच्या गिरणीत, आणि पंचफुलाबाई खुशालरावांच्या शिलाई मशीनजवळ. (मशीन आपल्या जागी असते. तिला पर्याय नाही.)

गिऱ्हाईक आलं की दुकानात जो कोणी असेल तो म्हणतो, "बसा जी, आत्ताच इथं होते." गिऱ्हाईक बसतं आणि गर्दीत भर पडते. अशा रीतीने गावातल्या शंभर टक्के दुकानांत वर्दळ असते आणि शंभर टक्के मालक बाहेर असतात. चोरीचं प्रमाण शून्य आहे, कारण चोर आला तरी त्यालाही कोणीतरी "बसा जी" म्हणतं, आणि एकदा बसला की तोही गावचाच होतो.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना खबर आली, की एस.टी.चा थांबा ठेवायचा की काढायचा हे पाहायला अमरावतीहून साहेब येणार. खुशालरावांची रश्मी याच थांब्यावरच्या गाडीने अमरावतीला कॉलेजात जात होती. थांबा गेला तर पोरीचं शिक्षण गेलं. त्यांनी तडक सलूनमध्ये सभा भरवली.

"उद्या सारे आपापल्या दुकानात बसा. साहेबाले गाव कामाचं दिसलं पायजे."

"आपल्या दुकानात?" पंचफुलाबाई हादरल्याच. "तिथं कोणासंग बोलू मी? गिरणीसंग?"

"एक दिवस कळ काढा, वैनी. माह्या पोरीसाठी."

पोरीचं नाव निघाल्यावर विषय संपला. दुसऱ्या दिवशी येलखेडी इतिहासात प्रथमच कामावर हजर झाली. भगवंत आपल्याच आरशात स्वतःला बघत बसला. पंचफुलाबाई गिरणीपुढे मुक्या बसल्या. खुशालराव रिकामी मशीन चालवत राहिले, कारण दोऱ्याची रिळं कुठं ठेवली हे फक्त पंचफुलाबाईंना ठाऊक होतं. बाजारात अशी शांतता पसरली, की कुत्रीसुद्धा कोण गेलं ते पाहायला बाहेर आली.

साहेबांनी दुकानादुकानांतून डोकावून पाहिलं. जिथे तिथे एकच माणूस, तोही उदास.

"गिऱ्हाईक नाही का हो गावात?" त्यांनी विचारलं.

"आहेत ना साहेब," खुशालराव कळवळून म्हणाले, "पण आज ते आपापल्या दुकानात बसून राहिले."

साहेबांनी मान हलवली आणि पुढे दर्यापूरला जायला अमरावतीहून येणाऱ्या संध्याकाळच्या गाडीसाठी ते थांब्याकडे निघाले. संपलं सारं, असं वाटून खुशालराव हातातली कात्री घेऊनच मागे धावले. टेलर उठलेला पाहून भगवंत उठला, भगवंतामागे पंचफुलाबाई, आणि सकाळपासून कोंडलेलं अख्खं गाव "काय झालं बे? काहून पळून राहिले?" करत थांब्यावर लोटलं.

तेवढ्यात गाडी आली. साहेबांनी ती गर्दी पाहिली आणि त्यांना घाम फुटला. घाईघाईने खिडकीतून रुमाल टाकून त्यांनी जागा धरली, आणि आत बसताच आतूनच ओरडून निर्णय जाहीर केला, "थांबा राहील! आणखी एक गाडीही मागतो!" गाडीत दुसरं कोणीच चढलं नाही. उतरली ती एकटी रश्मी.

"बाबा, तुमी इथं? अन् दुकान?"

"दुकान कुठी पळून जाते वं?" डोळे पुसत खुशालराव म्हणाले, आणि सलूनकडे वळले.

त्या दिवशी अमरावतीत साहेबांच्या खुर्चीत शेजारच्या विभागातले एक गृहस्थ चहा पीत बसले होते आणि येणाऱ्याला "बसा, आत्ताच इथं होते" असं सांगत होते, हे सांगायला नकोच. येलखेडीला हसणाऱ्या सुज्ञ वाचकाने आपल्या जागेची काळजी करू नये. तो हे वाचत असताना तिथेही कोणीतरी हेच सांगायला बसलेलं असेल. उठावं लागेल ते फक्त एवढ्यासाठी, की आपण ज्याच्या खुर्चीत बसून हे वाचलं, तो आता परत येईल.