चार पूर्णांक दोन

तालुक्यात दर घरी सरासरी चार पूर्णांक तीन दशांश माणसं आहेत असं दैनिकात छापून आलं, आणि त्याच आठवड्यात पालिकेने प्रत्येक घरात तेवढी माणसं करून दिली.

रखमाजी गवंड्याच्या घरी तो, मुलगा आणि सून असे तिघंच होते. चौथ्या म्हणून पालिकेने वरच्या आळीतल्या एक परक्या बाई आणून बसवल्या. वरच्या तीन दशांशात त्याची वारलेली बायको चंपा आली: आवाज, उजवा हात आणि पावलांची चाहूल. हात भाकऱ्या थापायचा, आवाज सुनेच्या चुका काढायचा आणि पावलं घरभर फिरायची.

वर्षाने पहिल्या पानावर बातमी आली. 'कुटुंबाच्या आकारात किरकोळ घट. सरासरी आता चार पूर्णांक दोन.'

सुनेने ती वाचून दाखवली. रखमाजी चपला घालून थेट दैनिकाच्या कचेरीत गेला. बातमीदार तिरोडकर चहा पीत होता.

"किती घटलं?" रखमाजीने विचारलं.

"काही नाही हो बाबा. पूर्वी चार पूर्णांक पंचवीस होतं, आता चोवीस. शंभरातला एक भाग."

"मग दहावा हिस्सा का छापलास?"

"टिंबापुढे एकच आकडा घालायची आमची रीत. पंचवीसचे वर जाऊन तीन होतात, चोवीसचे खाली येऊन दोन."

"भिंत एक सूत कलली म्हणून मी हातभर पाडत नाही."

"भिंतीचा मथळा होत नाही, बाबा."

"दुरुस्ती छाप."

"चूक कुठंय? आकडा बरोबर आहे."

रखमाजी घरी आला तेव्हा पालिकेचा कारकून पोटदुखे वही घेऊन ओट्यावर बसलेला होता.

"एक दशांश न्यायचाय, काका. आवाज, हात की चाहूल? पाचला कचेरी बंद होते."

"हात न्या," आतून चंपाचा आवाज आला. "सुनेला जमायला लागलीय भाकरी."

चुलीपाशी हात थांबला. बोटांवरचं पीठ परातीत गळत राहिलं.

रखमाजी पोटदुखेला अंगणाच्या टोकाला घेऊन गेला. "अख्ख्या माणसातून दिलं तर?" त्याने हळू विचारलं.

पोटदुखेने वहीत बेरीज करून पाहिली. "बसतं. अजून कुणी दिलं नाही, पण बसतं. काय लिहू?"

"माझं बोलणं."

"काही बोलायचं राहिलं असेल तर आत्ताच बोलून घ्या. मी थांबतो."

रखमाजीने घराकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

पोटदुखेने नोंद केली, अंगठा घेतला आणि शेजारच्या घरी गेला. चुलीपाशी थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. रखमाजी ओट्यावर येऊन बसला. पावलं उंबऱ्यापर्यंत आली.

"काय ठरलं, अहो?"

रखमाजी तिकडे बघत राहिला.

"म्हणजे आजही तोंड उघडायचं नाहीच," चंपा म्हणाली, आणि पावलं आत गेली.