घाऊक टॉफी

"साखरेचा भाव वाढलाय," स्टोअरकीपरने पिशवी ओट्यावर ठेवत जाहीर केलं. "सुट्ट्या जवळ आल्या की या दुकानदारांना शिंगं फुटतात."

बायको भांडी पुसत होती. "किती आणलीत मग?"

"आणलीच नाही."

"पिशवीत काय आहे?"

"दुसरी पिशवी. दोन नेल्या होत्या."

बायकोने ताट जागेवर ठेवलं. या घरात वर्षअखेरच्या सुट्ट्यांचा शिरस्ता ठरलेला होता. स्टोअरकीपरच्या तिन्ही बहिणी मुलाबाळांसकट जेवायला यायच्या आणि जाताना घरी केलेल्या टॉफ्यांचे डबे घेऊन जायच्या. शिरस्ता थोरल्या बहिणीने पाडला होता. घर, ओटा आणि हात मात्र भावजयीचे. भावजय इस्पितळात नर्स होती. वर्षातून एकदाच तिला चार दिवस सलग सुट्टी मिळायची, ती टॉफीच्या पातेल्यापाशी उभ्या उभ्या संपायची.

यंदा तिने नवऱ्याला सांगितलं होतं, "मला समुद्र बघायचाय. पाहुणे येऊन गेले की दुसऱ्या दिवशी निघू. दोघंच."

"पैसे?"

"सुट्ट्यांसाठी काढून ठेवलेत ना, त्यातच बसवायचं. पाहुणे अर्ध्यात, समुद्र अर्ध्यात."

"मग खरेदी माझ्याकडे दे," स्टोअरकीपर म्हणाला होता. "तू सुटं सुटं आणतेस, तिथेच मार बसतो."

कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्याचं उभं आयुष्य गेलं होतं. खिळे असोत, वंगण असो की झाडू, सुटा माल घेणं त्याच्या लेखी पाप होतं. तिथे त्याचा एक पैसा कधी वाया गेला नव्हता. पण कारखान्यात खिळे कुणी खात नाही, हा फरक त्याच्या ध्यानात आला नाही.

दुसऱ्या दिवशी तो थेट घाऊक बाजारात गेला. तिथे किलोमागे साखर बरीच स्वस्त होती, अट एकच, पोतं घ्यावं लागे. त्याने पोतं घेतलं. पन्नास किलोचं पोतं खांद्यावरून घरी येईना, म्हणून टेम्पो केला. एवढा मोठा टेम्पो एका पोत्यासाठी न्यायचा तर भाडं अंगावर येत होतं. भाडं वसूल व्हावं म्हणून त्याने लोण्याचं खोकं घेतलं, दूध पावडर घेतली आणि टॉफ्या गुंडाळायला कागदाचं आख्खं भेंडोळं घेतलं. वाटेत ओळखीचा बेकरीवाला भेटला. तो म्हणाला, "नुसत्या साखरेची टॉफी रवाळ होते, दादा. पातळ ग्लुकोज घाला थोडं. मऊ येईल."

"थोडं मिळतं का?"

"सुटं महाग पडेल. डबा घ्या."

डबा गुडघ्याएवढा होता.

टेम्पो दारात रिकामा झाला तेव्हा बायको इस्पितळातून येत होती. तिने पोत्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि चप्पल काढायला जागा शोधली.

"बोल की काहीतरी," तो म्हणाला.

"बोलून पोतं बारीक होणारे का?"

आता घरातलं पातेलं लहान पडणार हे उघड होतं. स्टोअरकीपर केटररकडे भाड्याने कढई आणायला गेला. केटरर म्हणाला, "एकटी कढई देत नाही हो, सेट असतो. कढई, शेगडी, ताटं आणि पन्नास खुर्च्या."

"खुर्च्या काय करू?"

"बसा."

"खुर्च्या वगळून किती?"

"तेवढेच. खुर्च्या फुकटात आहेत असं समजा."

फुकट हा शब्द ऐकून स्टोअरकीपरने परत विचार केला नाही. संध्याकाळपर्यंत घरासमोरच्या अंगणात पन्नास लाल खुर्च्या रांगेत मांडून झाल्या. जाणारा-येणारा थबकू लागला.

टॉफी करायला दोघं सकाळीच बसली. ग्लुकोज किती घालायचं, यावर बायको म्हणाली, "वाटीभर पुरे."

"डबा उघडलाय. उघडलेला डबा टिकत नाही. आपण काय त्याचं लोणचं घालणार आहोत का?"

त्याने डबा ओतला. बायकोने हात मागे घेतला आणि नुसतं ढवळत राहिली. रंग छान आला, वास तर गल्लीच्या टोकापर्यंत गेला. गार झाल्यावर पहिला तुकडा तिने चाखायला तोंडात टाकला, चावला आणि दात वर उचलायला गेली. दात सुटेनात.

नर्स असल्यामुळे ती घाबरली नाही. ओट्याला टेकून नाकाने शांत श्वास घेत राहिली. नेमकी त्याच वेळी समोरच्या घरातली निवृत्त मुख्याध्यापिका दारात आली. हातात वाटी होती, पण ती निमित्ताची.

"काय गं, एवढ्या खुर्च्या? काही कार्यक्रम आहे का?"

बायकोने मान हलवून नाही म्हणायचा प्रयत्न केला. जबडा जागचा हलेना म्हणून मानही अर्धीच हलली.

"लपवतेस होय? लग्नाचा वाढदिवस ना?"

बायकोने दोन्ही हात जोरात हलवले. बोलता न आल्याने चेहरा लाल झाला होता.

"अगंबाई, लाजलीस की," मुख्याध्यापिका खूश होऊन म्हणाली. "बरं बरं. नणंदा येतील त्या दिवशी आम्हीही सगळे येतो. मी कळवते गल्लीत, तू नको धावपळ करूस."

आणि वाटी तशीच घेऊन ती निघून गेली.

टॉफी विरघळल्यावर बायकोने झालेला प्रकार नवऱ्याला सांगितला. स्टोअरकीपर हबकला. "अगं, आपल्या लग्नाला अजून तीन महिने आहेत."

"लग्न झालंय आपलं. वाढदिवसाला तीन महिने आहेत."

"तेच ते. जाऊन सांग त्यांना."

"तुम्ही सांगा. खुर्च्या तुम्ही आणल्यात."

तो समोर गेला. "बाई, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय," त्याने सुरुवात केली. "आमच्या लग्नाचा वाढदिवस वगैरे काही नाही."

मुख्याध्यापिकेने चष्मा खाली ओढला. "विसरलात ना?"

"विसरलो नाही, तो आहेच..."

"ती बिचारी सकाळपासून कढईपाशी उभी आहे, वाढदिवस म्हटल्यावर कानापर्यंत लाल झाली, आणि तुम्ही मला सांगता काही नाही? लाज वाटत नाही? संसार काय तिने एकटीने केला?"

स्टोअरकीपर शाळेत असताना अशाच एका बाईंना घाबरत असे. त्याने मान खाली घातली, चुकलो म्हणाला आणि घरी आला.

"सांगितलंत?" बायकोने विचारलं.

"माफी मागितली."

"कशाची?"

"वाढदिवस विसरल्याची."

बायको ओट्याला धरून हसली. ती इतकी हसली की त्यालाही हसू आलं. मग मात्र त्याचा चेहरा पडला. गल्ली येणार म्हणजे गल्लीला जेवायला घालावं लागणार. काढून ठेवलेल्या पैशांतली समुद्राची बाजू तो मनातल्या मनात बघू लागला, तर ती कधीच बुडाली होती.

"जेवायच्या आधी सगळ्यांना टॉफी देऊ," तो हळूच म्हणाला. "तोंड अडकलं की जेवण कमी जाईल."

"तुम्ही म्हणाल तसं," बायको म्हणाली. ती हसली नाही. कपाटावरची बॅग तिने खाली काढून ठेवली होती, ती उचलून पुन्हा वर सरकवली. स्टोअरकीपरने ते पाहिलं आणि उगाचच शेगडी पुसायला घेतली.

पाहुण्यांच्या दिवशी गल्ली वेळेआधीच आली. कुणी फुलं आणली, बहुतेकांनी पाकिटं आणली. टॉफीचं ताट फिरलं. घटकाभरात अंगणात अशी शांतता पसरली की वरच्या मजल्यावरच्या माणसाने खिडकी उघडून पाहिलं. तीसेक माणसं लाल खुर्च्यांवर बसून, गाल फुगवून, एकमेकांकडे प्रेमाने बघत होती.

एवढ्यात तिन्ही बहिणी आल्या. थोरली पुढे होती, आणि नेहमीप्रमाणे तिचं बोलणं रस्त्यावरूनच चालू होतं. "हे काय, इतकी माणसं? जेवण पुरणारे का? आणि फुलं कसली? काय म्हणता बाई, लग्नाचा वाढदिवस? आज? अहो, यांचं लग्न मी जमवलं. मला तारीख माहीत नाही होय? यांचं लग्न तर..."

"वन्सं, प्रवासातून आलात, तोंड गोड करा आधी," बायको म्हणाली आणि ताट पुढे केलं.

थोरलीने बोलता बोलताच टॉफी तोंडात टाकली. "यांचं लग्न तर मा..." तिथे जबडा बसला.

तिने बोटांनी महिना दाखवायचा प्रयत्न केला. हात हवेत नाचवले. डोळ्यांत पाणी आलं. मुख्याध्यापिका टॉफीच्या भानगडीत पडली नव्हती, तिला दातांचा त्रास होता. ती उठून थोरलीजवळ गेली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"बघा," ती सगळ्यांना म्हणाली, "नणंदेला गहिवरून आलं. असं घर बघायला मिळत नाही हल्ली." आणि गोळा केलेल्या पाकिटांचा गठ्ठा तिने बायकोच्या हातात ठेवला.

स्टोअरकीपर दाराआड उभा होता. त्या गठ्ठ्याची जाडी त्याने नजरेने जोखली. समुद्र परत वर आला होता. नुसतं गप्प बसायचं होतं आणि गप्प बसायला आज कुणालाच कष्ट नव्हते.

बायकोने गठ्ठा मुख्याध्यापिकेच्या हातात परत ठेवला.

"बाई, आज आमचा वाढदिवस नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी माझं तोंड टॉफीने बंद झालं होतं, आता तुमच्या सगळ्यांचं झालंय तसंच. नाही म्हणता आलं नाही. आमचे हे सांगायला आले होते, तर तुम्ही त्यांनाच बोललात. त्यांचीही चूक नाही. मला समुद्रावर जायचं होतं, म्हणून ते पैसे वाचवत होते. वाचवता वाचवता पोतं आलं, पोत्यापायी टेम्पो आला, आणि मग तुम्ही सगळे आलात. आता आलाच आहात तर जेवून जा. पाकिटं मात्र घेऊन जा."

कुणी काही बोललं नाही. बोलणार कसं? पण मागच्या रांगेत कुणाचं तरी पोट हलायला लागलं, मग शेजारच्याचं, आणि बघता बघता सगळ्या रांगा करकरू लागल्या. तोंड मिटून माणूस हसतो तेव्हा ते सगळं पोटात जातं. दोघांना तर पाणी द्यावं लागलं.

मुख्याध्यापिका हसली नाही. "वाढदिवस खोटा ठरला," ती म्हणाली. "संसार तर खरा आहे ना? मग पाकीट त्याचं समज. दिलेली पाकिटं मी गल्लीभर परत वाटत फिरणार नाही, माझे गुडघे दुखतात."

याच सुमारास थोरलीची टॉफी विरघळली. तिने जबडा उजवीकडे-डावीकडे फिरवून पाहिला. स्टोअरकीपरने डोळे मिटून घेतले. धाकटी बहीण दोन पावलं मागे सरकली.

"समुद्रावर जायचं होतं तर मला का नाही सांगितलं?" थोरली म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता.

"दरवर्षी सांगते, वन्सं."

"मग मी काय करत असते तेव्हा?"

"बोलत असतेस, ताई," मधली म्हणाली.

थोरली खुर्चीवर बसली. मधलीकडे बघितलं, भावजयीकडे बघितलं. पुष्कळ दिवसांत तिने एवढा वेळ दुसऱ्यांचं ऐकलं नव्हतं, आणि ऐकलेलं आता पचवायचं होतं.

"उद्या सकाळी निघा," शेवटी ती म्हणाली. "दोघंच. भांडी, खुर्च्या, कढई, सगळं मी बघते. आणि पुढच्या वर्षापासून जेवण माझ्याकडे."

"राहू द्या वन्सं, तुम्हाला कशाला त्रास," बायको म्हणाली.

"हो ना, इथे खुर्च्यावाल्याशी ओळख झालीय..." स्टोअरकीपरने तोंड उघडलं. बायकोने त्याच्या पायावर पाय दिला आणि तो तसाच ठेवला.

समुद्राकाठच्या लॉजमध्ये ती दोघं पोचली तेव्हा दुपार होती. खोलीच्या दारातूनच पाणी दिसत होतं. बायकोने बॅग ठेवली, जरा पाठ टेकते म्हणाली, आणि झोपली. संध्याकाळी उठून चहा प्यायली आणि परत झोपली. दुसऱ्या दिवशीही तेच. स्टोअरकीपरने खुर्ची दाराबाहेर घेतली आणि बसून राहिला. दाणेवाला ओरडत आला, त्याला त्याने खुणेनेच लांब पाठवलं. शेजारच्या खोलीतल्या रेडिओवाल्याशी जाऊन तो हात जोडून बोलून आला.

लॉजची मालकीण चादरी घेऊन चालली होती. ती थांबली. "बाईंना बरं नाही का?"

"बरंय की. झोपलीय."

"एवढ्या लांब येऊन? आणि समुद्र?"

"तिच्या वाटचा मी बघतोय," स्टोअरकीपर म्हणाला.

आतून, डोळे न उघडता, बायकोचा आवाज आला.

"नीट बघा. अर्धवट नको."

त्याने खुर्ची जरा पुढे ओढली आणि बघू लागला.