हाथीचकची पलटण

आमच्या शेजारचे सुभेदारकाका रोज सकाळी सहाला झाडांची हजेरी घेत. कुंपणालगत एका रांगेत एकवीस झाडं, प्रत्येकाच्या बुंध्याशी पत्र्याचा नंबर. काका हात मागे बांधून रांगेपुढून चालत. "सात नंबर, मान सरळ. बारा, पाणी कमी पितोस. चौदा आज सिक रिपोर्टला." मग चौदाला काठीचा आधार बांधत, "बाकी सब ठीक" म्हणत आणि घरात जाऊन चहा घेत.

झाडं हाथीचकची. गुडगावला येईपर्यंत मी हे नावही ऐकलं नव्हतं. माणसाच्या डोक्यावर दोन हात जाणारी उंची, वर सूर्यफुलासारखी लहान पिवळी फुलं, आणि खाली आल्यासारखे वेडेवाकडे कंद. चव बटाटा आणि मुळा यांच्या मधली. थंडीत झाड वाळलं की कंद काढतात. बोटभर तुकडा जमिनीत राहिला तरी फाल्गुनात परत कोंब येतो. काका म्हणत, "ह्याला म्हणतात पोस्ट न सोडणं."

काका साताऱ्याकडचे. पलटणीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी इथे घर बांधलं, तेव्हा समोर मोहरीचं शेत होतं. आम्ही आलो तेव्हाही होतं. पुढे शेत गेलं आणि चार मजली फ्लॅट उभे राहिले.

पौषात काका गल्लीभर कंद वाटत. "जवानाचं खाणं आहे, खाऊन बघ पोरी." पहिल्या वर्षी मी भाजी केली. आमच्या ह्यांनी दोनदा मागून घेतली. दुसऱ्या दिवशी मानेसरला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये एवढ्या थंडीत लोकांनी सगळ्या खिडक्या उघडल्या. संध्याकाळी हे घरी आले ते थेट म्हणाले, "ते हाथीचक परत आणू नकोस." समोरच्या मल्होत्राबाई तर हात जोडत, "भाईसाब, इस बार हमें माफ करो." काका शांतपणे म्हणत, "पोटाला शिस्त नाही तुमच्या."

कंद ते बाजूनं उकरून काढत, पण वाळलेले दांडे तसेच उभे ठेवत. नवे कोंब कमरेला लागेपर्यंत एकाही दांड्याला हात लावू देत नसत. गल्लीत सगळे त्याला कचरा म्हणत.

त्यांच्या संजयनं नवी गाडी घेतली तेव्हा खरी लढाई सुरू झाली. गाडी रस्त्यावर उभी राही, पोरं तिच्यावर रेघोट्या मारत. झाडांच्या रांगेच्या जागी मोठं फाटक करून गाडी आत घ्यायची, असं संजयनं ठरवलं. "बाबा, ते जंगल काढा. खातं कोण ते?"

"मी खातो," काका म्हणत. महिनाभर बापलेकांचं एवढंच बोलणं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मी काकूंना हळदीकुंकवाचं सांगायला गेले. एरवी मी फाटकातूनच बोलून परतायची. त्या दिवशी काकूंनी रांगेच्या मागून हाक मारली, "आत ये गं."

आत गेले आणि थबकले. काकूंना डोक्यावरच्या पदराशिवाय मी कधी पाहिलं नव्हतं. त्या खाटेवर न्हालेले केस मोकळे सोडून, पाय पसरून उन्हात बसल्या होत्या. मी मान वर केली. दांड्यांपलीकडे फ्लॅटच्या गॅलऱ्या होत्या, पण एकीतलंही माणूस दिसत नव्हतं.

"ती बिल्डिंग झाली आणि मी उन्हात बसायचं सोडलं," काकू म्हणाल्या. "बोलले कुणाला काही नाही. अठ्ठावीस वर्षं मी गावाला, हे पलटणीत. दोन महिने रजेवर यायचे. बोलायची सवयच नाही आम्हाला. पण त्या फाल्गुनात ह्यांनी कुठल्याशा साहेबाच्या माळ्याकडून हे कंद आणून लावले. ह्यांना स्वतःला सोसत नाहीत. रात्री ओवा चावतात."

"मग संजयला सांगा ना, काकू."

"कसं सांगू? मला कळलंय हे ह्यांना कळलं, तर लाजेनं उद्याच उपटून टाकतील."

तेवढ्यात पलीकडून आवाज आले. संजय मिस्त्रीला घेऊन आला होता, टेप लावून माप चाललं होतं. काकाही तिथेच होते, हात मागे बांधून.

काकू उठल्या. ओल्या केसांवर पदर घेतला आणि रांगेपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "संजय, हे काढायचं नाही. मला ही भाजी लागते."

"आई, तू कधी खाल्लीस?"

"रोज खाते. तू डबा घेऊन ऑफिसला जातोस, तुला काय माहीत?"

संजयनं बापाकडे पाहिलं. काका चौदा नंबरची काठी सैल नसताना परत बांधत होते. मिस्त्रीनं टेप गुंडाळला.

संजयची खात्री पटावी म्हणून दुपारी काकूंनी त्याच्यासमोर दोन वाट्या भाजी खाल्ली, असं नंतर त्याच मला म्हणाल्या.

संध्याकाळी आमची कडी वाजली. दारात सुभेदारकाका, हातात रिकामी डबी.

"पोरी, ओवा आहे का थोडा? आमचा एकट्याच्या हिशेबानं भरलेला असायचा." ते जरा थांबले, खाली बघत म्हणाले, "आता दोघांना लागेल."