बाळभाऊजींचं निधिसंकलन

प्रिय ओजस आणि मीरा,

गेल्या महिन्यात निवडणुकीची देणगी मागायला फोन करून, शेवटी तुम्हाला फणसपोळी आवडते की आंबापोळी एवढंच विचारणारे गृहस्थ वेडे नाहीत. ते आपल्या शेजारचे बाळभाऊजी. "आजी, ते कोण होते?" असं तुम्ही दोघांनी वेगवेगळं विचारलंत, म्हणून एकदाच नीट लिहून पाठवते. नंबर मीच दिला होता.

बाळभाऊजींची पंचाहत्तरी उलटली. कोर्टात पट्टेवाले होते. पक्षकारांच्या नावाचा पुकारा करण्यात नोकरी गेली. त्यांना खरं तर फोनची गरज नाही, इथून रत्नागिरीतून खेडपर्यंत तसंच ऐकू जाईल. या आवाजावर भाळून आमच्या वॉर्डातल्या अपक्ष उमेदवाराने त्यांना प्रचाराला घेतलं. निशाणी कढई. काम सोपं होतं. वॉर्डातून बाहेरगावी गेलेल्यांना फोन करायचा, कागदावरची चार वाक्यं वाचायची, देणगी मागायची.

भाऊजी कागदाकडे बघतसुद्धा नसत. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी तू कोणाची ते सांग." यादीत बायकांची सासरची नावं, म्हणून माहेर शोधायचं. ते आपल्याच आळीतलं निघालं की पंचाईत. माहेरवाशिणीकडून पैसे घ्यायचे कसे? मग उलट तिलाच विचारायचं, काय पाठवू? आमच्या आळीतली शालिनी खेडला दिलेली. तिचं इथलं घर केव्हाच विकलं गेलं. तिला एस.टी.च्या पार्सलने कुळथाचं पीठ गेलं. बाहेर जाणाऱ्या पिशव्या बघून उमेदवाराला वाटलं, प्रचारसाहित्य चाललंय.

प्रचार कार्यालय सांभाळायला पुण्याहून आलेली तन्वी मात्र हुशार. तिने बजावलं, शनिवारपर्यंत एक तरी देणगी आणा, नाहीतर कार्यालयाचा फोन परत करा. भाऊजींचं तोंड उतरलं. शनिवारी माझ्या ओट्यावर बसून त्यांनी स्पीकरवर शालिनीला फोन लावला. मी मुद्दाम भाजी निवडायला घेतली. कागद धरून त्यांनी उमेदवाराचं नाव, निशाणी, सगळं पुकारलं. देणगीपाशी आले आणि थांबले.

"बाळदादा, गप्प का झालात? किती पाठवू?" शालिनी म्हणाली.

"काही नको गो." भाऊजींचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. "आमची सुधा होती तोवर दर वर्षी माहेरपणाला यायची. बहीण गेली, पण पीठ दळायची सवय जात नाही. तू घेतेस, तेवढं पुरे."

त्यांनी स्वतः जाऊन फोन तन्वीच्या टेबलावर ठेवला. घरी आले आणि दार लावून घेतलं. पुढे मतमोजणीत कढई पालथी पडली, तेव्हाही ते बाहेर आले नाहीत.

गेल्या आठवड्यात त्यांच्या दारात रिक्षा थांबली. हातात पिशवी घेऊन शालिनी उतरली. आठवडाभर राहिली. भाऊजींच्या स्वयंपाकाला नावं ठेवली, त्यांचे पडदे धुतले. निघताना भाऊजींनी मला ओटी भरायला बोलावलं. तिने देणगी म्हणून आणलेलं पाकीट त्यांनी तिच्याच ओटीतल्या नारळाखाली सरकवलं. तिने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

उमेदवार आता दिसत नाही. कार्यालयाच्या जागी झेरॉक्सचं दुकान आहे. शालिनीला मात्र रत्नागिरीत माहेर आहे.