लतीफची बारी

आमच्या शेजारच्या मनोहर मास्तरांना "कसं काय?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "बेस!" आता हे तब्येतीबद्दल की वाद्याबद्दल, ते आम्हा सेलूकरांना आजवर कळलेलं नाही. कारण त्यांच्या वाद्याचं नावच बेस. पुरुषभर उंच, पोट सुटलेलं, चार जाड तारांचं, उभं धरून बोटांनी वाजवायचं. तरुणपणी हैदराबादला हॉटेलात वाजवता वाजवता त्यांना जॅझ नावाचा रोग लागला, आणि तो घेऊनच ते गावी आले.

या रोगाचं लक्षण म्हणजे एक गाणं दोनदा सारखं वाजवायचं नाही. "त्येच त्येच वाजवायला मी काय जिनिंग मिलचा भोंगा हाय का, वैनी?" हे मलाच ऐकवायचे. चौघांचा बँड काढला, म्होरके हेच. सोनपेठच्या एका लग्नात मारुतीचं दर्शन घेऊन नवरदेव मांडवाकडं निघाला आणि अर्ध्या वाटेत, हातगाडीवर बेस घेऊन उभ्या मास्तरांना काहीतरी सुचलं. झालं! नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले, घोडं बुजून पुन्हा मारुतीकडं गेलं, मुहूर्त टळला. मुलीचा बाप हात जोडून म्हणाला, "मास्तर, पाया पडतो, वळखीचं वाजवा!"

"मग वळख होऊ द्या की!" मास्तर म्हणाले.

अशानं दुसरं बोलावणं कुठनं येणार? त्यात डीजे आले. ढोलकीवाला ऊस तोडायला गेला तो तिकडंच मुकादम झाला. पेटीवाला पुण्यात वॉचमन. राहिला क्लॅरिनेटवाला लतीफ. तो रोज दुपारी यायचा आणि दोघं मिळून माझ्या झोपेचं खोबरं करायचे. दोन वर्षांमागं लतीफ गेला. कब्रस्तानातून येऊन मास्तर दारातूनच म्हणाले, "बँड मोडला न्हाई बरं का, वैनी. दोघं हाव अजून." मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

परवा दुपारी ते वाजवता वाजवता थांबले. सुटले एकदाची, म्हणून मी पिठलं-भाकरी घेऊन गेले. "झालं का तुमचं?"

मास्तर बेसला टेकून डोळे मिटून उभे. ओठावर बोट ठेवून म्हणाले, "श्श! लतीफची बारी चालू हाय."

या जॅझवाल्यांच्यात रिवाजच तसा. एकाचं झालं की दुसऱ्याची बारी, आणि तेवढा वेळ पहिल्यानं गुमान ऐकायचं. मास्तर ऐकत होते. मान डोलवत होते. मधेच हसून "वा रे पठ्ठ्या!" म्हणाले. मला बाई रस्त्यावरच्या भंगारवाल्याची हाळी तेवढी ऐकू येत होती. इतकी वर्षं या माणसाच्या नावानं बोटं मोडली, त्याची लाज वाटली मला.

हळूहळू मान डोलायची थांबली. त्यांनी कान दाराकडं केला, मग भिंतीकडं. डोळे उघडले ते भरलेले.

"वैनी, तुमाला यायलंय का ऐकू? मला आज यीनाच झालंय."

"यायलंय की," मी म्हणाले.

मास्तरांनी माझ्या तोंडाकडं बघितलं.

"खोटं बोलाया यीना तुमाला," म्हणाले, आणि कोपऱ्यातली खोळ घेऊन बेसवर चढवायला लागले. एकट्याला जमेना, म्हणून दुसरीकडनं मी धरली.