वजनकाट्याच्या रिकाम्या जागी

माणसाला जगायला अन्न, वस्त्र, निवारा लागतो आणि हे तिन्ही मिळतंय असं चार लोकांना कळवायला वायफाय लागतं. पहिल्या तीन गोष्टी आईने घराला चाळीस वर्षं पुरवल्या. चौथी थोरल्या लेकाने आणली, म्हणून कारभार थोरल्याकडे गेला. ज्याच्या हाती ससा तो पारधी, आणि ज्याच्याकडे पासवर्ड तो कर्ता पुरुष.

थोरला कर्तबगार. कचेरीत त्याच्या हाताखाली कोणी नाही, त्यामुळे हुकूम सोडायची हौस साठत साठत घरी येते. (रविवारी जास्त.) अशाच एका रविवारी त्याने कपाटावरची दोन शिंगांची पेटी खाली काढली, लॅपटॉपवर तिचं पोट उघडलं आणि जाहीर केलं की घरच्या नेटमध्ये अंदाधुंदी माजली आहे. कोणीही उठतं, कोणीही जोडलं जातं. यापुढे घरातल्या प्रत्येक यंत्राला नंबराचा पत्ता; पत्ता नाही त्याला नेट नाही. पेटी अडीचशे पत्ते द्यायला तयार होती. थोरल्याने बारा ठेवले. अडीचशे म्हणजे लाड.

बारांपैकी अकरा कायमचे वाटले गेले. थोरल्याचे दोन फोन आणि लॅपटॉप, सूनबाईचा फोन, नातीचा फोन आणि टॅब, टीव्ही, दारावरची घंटा, बैठकीतला दिवा (हा बटणानेही लागतो, पण बटणापर्यंत उठून जावं लागतं), आपोआप झाडणारी तबकडी (ही रोज पलंगाखाली अडकते आणि आई तिला ओढून काढते) आणि वजनकाटा. काट्यावर पाय ठेवून सूनबाईला पाच महिने झाले होते. थोरला तर त्याला वळसा घालून जायचा. पण उद्या कोणाला उपरती झालीच तर वजन फोनवर दिसायला नको?

बारावा पत्ता ‘इतर’. त्यात आई आणि येणारेजाणारे. दोन तासांच्या बोलीवर, आधी येईल त्याला.

“म्हणजे दिवा या घरचा, आणि मी भाडेकरू?” आईने विचारलं.

“अगं आई, भाडेकरू नाही. तात्पुरती. तांत्रिक शब्द आहे तो.”

“आणि ती तबकडी?”

“ती कायम. तिला काम असतं.”

चाळीस वर्षं हाताने घर झाडलेली बाई यावर काय बोलणार? गप्प बसली. (घरात याची नोंद ‘संमती’ अशी झाली.)

आता आईला नेट लागतं कशाला? तर रोज संध्याकाळी सातला तिची थोरली बहीण, अक्का, फोनच्या पडद्यावर येते. अक्का ठार बहिरी. ती ओठ बघते, हात बघते, आणि त्यावर साऱ्या खानदानाची उणीदुणी निघतात. साध्या फोनवर अक्काशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. आईच्या फोनमधलं नेट थोरल्याने कधीच बंद करवलं होतं, कारण घरात वायफाय आहे.

सोमवारी पावणेसातला नातीची मैत्रीण अभ्यासाला आली. पाण्याच्या पेल्याआधी पासवर्ड द्यायची या घरची रीत, तेव्हा बारावा पत्ता मैत्रिणीला गेला. मंगळवारीही तीच. बुधवारी पडद्यांची मापं घ्यायला आलेला माणूस. गुरुवारी अक्काच्या मुलाचा साधा फोन आला.

“मावशी, बरी आहेस ना? आई रोज पातळ बदलून फोनसमोर बसतेय. म्हणते, जाण्याआधी निदान सांगून तरी जायचं होतं हिने.”

“तिला सांग, मी मेले नाहीये. इतर झालेय.”

मग आईने थोरल्याकडे कायमचा पत्ता मागितला. थोरला म्हणाला, असं एकेकाला द्यायला लागलो तर शिस्त कशी राहील? लेखी दे. आईने अक्षर अक्षर जुळवून लिहून दिलं: “मी दिवा नाही, घंटा नाही, तबकडी नाही. तरी विचार व्हावा.” विचाराला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी बैठक बसली. दिवा सोडायला थोरला तयार नव्हता, घंटा सोडायला नात. शेवटी सूनबाई पदर खोचून म्हणाली, “माझा काटा घ्या आई. तुमच्यापेक्षा काय जास्त आहे?” एवढा त्याग तिने हसत हसत केला. इतकी मोकळी ती पाच महिन्यांत दिसली नव्हती.

काट्याच्या रिकाम्या जागी आईची नेमणूक झाली. पेटीच्या यादीतलं ‘वजनकाटा’ हे नाव तेवढं बदलायचं राहिलं, कारण त्यासाठी पेटी बंद करावी लागते आणि टीव्हीवर सामना रंगात होता.

सातला अक्का दिसली. आधी तिने डोळे पुसले, मग हात नाचवत शिव्या घातल्या. आईने ओठ मोठे करून सगळं सांगितलं.

“मला काट्याची जागा दिली, अक्का!”

अक्का हसता हसता पलंगावर आडवी झाली. “तुझं बरंय गं! काटा निदान चालू तरी आहे. माझ्या लेकाच्या यादीत मी अजून ‘जुना टीव्ही’ आहे.”

हे वाचून शंभरातले नव्वद जण म्हणतील, आमच्या घरी असलं काही नाही, आमची आई सुखात आहे. उरलेल्या दहा त्या आयाच. त्यांना अजून विचारता आलेलं नाही. त्यांच्या फोनवर गोल फिरतंय.